कुठल्या भोकाचे आटे गेले?

बोरिवलीच्या जेट्टीवरून गोराईची बोट सुटते तेव्हा तिच्यात माणसांबरोबर स्कूटर आणि मोटरसायकलीही चढलेल्या असतात. जमिनीवरून जायचं तर भाईंदर-उत्तनचा मोठा वळसा. त्यापेक्षा गाडी बोटीवर घातलेली बरी. पण मग त्या गाडीला खारेपणातून सुटका नाही. अलीकडे खाडी, पलीकडे समुद्र, मधे खारफुटी, पावसाळ्यात नैऋत्येचा वारा आणि मागच्या सीटवर मासळीचा क्रेट असेल तर त्यातून ठिबकणारं बर्फाचं पाणी. चेन गंजते, सायलेन्सर गंजतो, ते डोळ्यांना दिसतं. पुढच्या चाकाच्या डिस्कला कवटाळून बसलेल्या कॅलिपरचं मात्र तसं नाही. ते ॲल्युमिनियमचं, त्यामुळे तांबडा गंज धरत नाही आणि बाहेरून धडधाकट दिसतं. त्याचं दुखणं आत, आट्यांमध्ये असतं, आणि ते कळतं ते ब्रेकची हवा काढायला कोणी पाना लावल्यावर. निपल जराही हलत नाही, मग जोर लावल्यावर एकदम हलतं, आणि त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकाकती तार गुंडाळून बाहेर येते. गॅरेजवाला म्हणतो, ‘चुडी गेली.’

पुढचा संवाद ठरलेला असतो. एक म्हणतो कॅलिपर बदला, दुसरा म्हणतो स्प्रिंग मारून घ्या. स्प्रिंग म्हणजे हेलिकॉइल, गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी. या दोन सल्ल्यांचे दोन पंथच झाले आहेत. एका पंथाला ब्रेकवर कसलीही दुरुस्ती म्हणजे जिवाशी खेळ वाटतो, दुसऱ्याला कॅलिपर बदला म्हणणारा प्रत्येक जण कंपनीचा दलाल वाटतो. दोघंही चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत, असं माझं म्हणणं आहे. स्प्रिंग मजबूत असते की नाही, हा वाद कधीच मिटला आहे. ती मजबूत असते. विचारायचं असतं ते कुठल्या भोकाचे आटे गेले, हे. कॅलिपरच्या आसपास आटे असलेली तीन प्रकारची भोकं असतात आणि तिन्हींमधल्या आट्यांचं काम वेगळं आहे. एक भोक कॅलिपरला गाडीशी जखडतं. दुसऱ्यात ब्रेकच्या पाइपचा पोकळ बोल्ट बसतो. तिसऱ्यात हवा काढायचं निपल असतं. पहिल्याला स्प्रिंग खुशाल बसवावी, दुसऱ्याला अटी घालून, आणि तिसऱ्याला शक्यतो बसवूच नये. हे का, ते समजायला आधी आटे मरतात कसे ते पाहावं लागेल.

आट्यांना पहिला त्रास देतो तो गंज, आणि गोराईत तो अंमळ जास्तच. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि मधे खारट ओल असली की त्यांची एक छोटी बॅटरी तयार होते. त्या बॅटरीत झिजायची पाळी ॲल्युमिनियमची. झिजेतून जी पांढरी भुकटी तयार होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून ती आट्यांच्या फटीत पाचर मारल्यासारखी बसते. तामिळनाडूत कारैकुडीला केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्था आहे. तिने देशाचा गंजाचा नकाशा तयार केला, त्यात किनारपट्टीचं दुखणं वेगळं उठून दिसतं. निपल तर पोकळ. त्याच्या तोंडावर रबराची टोपी नसेल तर खारं पाणी वरून आत उतरतं आणि आतल्या बारीक आडव्या छिद्रातून थेट आट्यांपर्यंत पोचतं. दोन-तीन पावसाळे निपल उघडलंच नाही, की ॲल्युमिनियम आणि पोलाद यांची गाठ पक्की. त्यात ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, हे कित्येकांना ठाऊकच नसतं. ते ऑइल हवेतली ओल पितं. डॉट 4 दर्जाचं ताजं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळता कामा नये असा दंडक आहे. ओल प्यायल्यावर हाच आकडा 155 वर येतो. ऑइल वेळेवर बदललं तर निपल वेळेवर उघडतं, आणि वेळेवर उघडलेलं निपल सहसा अडकत नाही.

दुसरा मारेकरी म्हणजे माणसाचा हात, आणि माझ्या मते तोच मोठा. जुन्या घरांत प्रवासाला नेण्याचा फिरकीचा तांब्या असायचा. त्याचे आटे जाड, गोलसर, आणि झाकण आवळायचं ते नुसत्या हाताने. त्या तांब्याचे आटे दोन पिढ्या टिकत, कारण त्यांच्यावर पाना कधी चालला नाही. कॅलिपरचे आटे बारीक, धातू मऊ, आणि समोर लांब दांडीचा पाना. निपल किती आवळायचं असतं? साधारण 6 ते 8 न्यूटन-मीटर. म्हणजे दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सात किलो वजन टांगल्यावर जेवढं होईल तेवढं. सात किलो म्हणजे तांदळाची एक लहान पिशवी. मनगट नुसतं वळवलं तरी त्याच्या तिप्पट-चौपट जोर सहज पडतो, आणि ब्रेकचं काम आहे, ढिलं राहायला नको, या भल्या हेतूने तो पाडलाही जातो. ‘टाइट’ या शब्दाने आपल्याकडे जेवढे आटे मारले तेवढे गंजाने मारले नसतील. टॉर्क रेंच नावाचं हत्यार याचसाठी असतं. ते पुष्कळ गॅरेजांत असतंही, पण इंजिनच्या हेडसाठी राखून ठेवलेलं. सात न्यूटन-मीटरच्या नाजूक कामाला ते मोठं रेंच लागूही पडत नाही, तिथे लहान रेंच लागतं.

हाताचाच आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे पिचचा घोटाळा. आट्यांना शिस्त लावण्याचा उद्योग जुना आहे. जोसेफ व्हिटवर्थने इंग्लंडात 1841 मध्ये 55 अंशांचा आटा ठरवला, अमेरिकेत विल्यम सेलर्सने 1864 मध्ये 60 अंशांचा मांडला, आणि आजचे मेट्रिक आटे 60 अंशांचेच आहेत. पण कोन एक आणि व्यास एक असला तरी दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजेच पिच, एक असेलच असं नाही. ब्रेकच्या पाइपचा पोकळ बोल्ट, ज्याला बांजो बोल्ट म्हणतात, बहुधा 10 मिलिमीटरचा असतो. ब्रेम्बोसारख्या युरोपीय घराण्यात त्याचं पिच 1 मिलिमीटर असतं, निस्सिनसारख्या जपानी घराण्यात 1.25. हातात घेतले तर दोन्ही बोल्ट जुळे भाऊ. 1.25 चा बोल्ट 1 च्या भोकात हाताने एक-दीड फेरा जातो आणि अडकतो. इथे थांबून बोल्ट काढून पाहणारा मेकॅनिक हुशार. न थांबणारा पाना लावतो, आणि पोलादाचा बोल्ट मऊ ॲल्युमिनियममध्ये स्वतःचे आटे कापत खाली उतरतो. तो घट्ट बसल्यासारखा वाटतो, गाडी रस्त्यावर जाते, आणि पुढच्या वेळी बोल्ट काढला की भोकात आट्यांऐवजी नुसता चुरा असतो. बाहेरून आणलेले चकचकीत पाइप आणि रंगीत बोल्ट बसवण्याची हौस असलेल्यांनी पिच मोजायचं साधं गेज जवळ ठेवावं. ते नागदेवी स्ट्रीटच्या कुठल्याही हत्यारांच्या दुकानात मिळतं.

आता स्प्रिंगकडे वळू. स्प्रिंग हा शब्द ऐकला की बॉलपेनमधली लवचिक तार डोळ्यांपुढे येते आणि तिथेच अविश्वास सुरू होतो. हेलिकॉइलची तार गोल नसते. तिचा छेद पत्त्यातल्या चौकटसारखा असतो. त्याची एक धार बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या आट्यात बसते आणि दुसरी धार आत बोल्टसाठी नवा आटा बनते. तार स्टेनलेस स्टीलची, कॅलिपरच्या ओतीव ॲल्युमिनियमपेक्षा कित्येक पटींनी ताकदवान. बसवण्याआधी ती भोकापेक्षा किंचित मोठी असते, पिळून आत घातली की बाहेरच्या बाजूला दाब देत राहते, म्हणून सुटत नाही. हा जुगाड कुठल्या गल्लीत जन्मला नाही. 1930 च्या दशकात अमेरिकेत विमानांच्या कामासाठी तो निघाला, आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांत स्पार्क प्लगच्या भोकांना त्याने तारलं. आजही विमान उद्योगात ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमच्या सुट्या भागांना मुळातच, कारखान्यातच, अशा स्प्रिंगा बसवून देतात. आटे जायची वाट न पाहता. थोडक्यात, मऊ धातूत पोलादी बोल्ट वारंवार उघडायचा असेल तर मधे स्टीलचं अस्तर हवं, हे इंजिनियरांनी कधीच मान्य केलं आहे. आपल्याकडे ते फक्त अपघातानंतर आठवतं.

पहिलं भोक जखडण्याचं. इथे एक बारकावा आधी सांगितला पाहिजे. पुष्कळ मोटरसायकलींवर हे आटे कॅलिपरमध्ये नसतात, पुढच्या फोर्कच्या पायात असतात. बोल्ट कॅलिपरच्या ब्रॅकेटमधून जाऊन तिथे रुततो. दुखणं तेच, फक्त भाग महाग. या बोल्टांवर किती भार येतो ते मांडून पाहू. गाडी आणि स्वार मिळून 200 किलो धरा आणि कचकन ब्रेक लावला असं समजा. पुढच्या टायरला रस्ता साधारण 1,300 न्यूटनच्या आसपास मागे ओढतो. चाक मोठं, डिस्क लहान. चाकाची त्रिज्या 30 सेंटिमीटर आणि पॅड डिस्कला धरतात ती त्रिज्या 11 सेंटिमीटर धरली तर कॅलिपरवर येणारी ओढ 3,500 न्यूटनच्या घरात जाते, म्हणजे साधारण 360 किलो. आता बोल्ट. 8 मिलिमीटरचा बोल्ट 25 न्यूटन-मीटरला आवळला की तो साधारण 15,000 न्यूटनने, म्हणजे दीड टनाने, दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून धरतो. असे दोन बोल्ट. त्या तीन टनांच्या दाबामुळे होणारं घर्षण ब्रेकची सगळी ओढ एकट्याने पेलतं, बोल्टाच्या दांड्याला आडवा मार बसतच नाही. म्हणून इथे आट्यांचं काम एकच, तो दीड टनाचा दाब धरून ठेवणं. आटे कमजोर असले तर आधी दाब जातो, मग ब्रॅकेट कणभर सरकू लागतं, मग बोल्टाला हिसके बसतात, आणि शेवटी भोक लांबुडकं होतं.

या कामात स्प्रिंग मूळ आट्यांपेक्षा सरस ठरते, आणि ते साध्या भूमितीवरून दाखवता येतं. 8 मिलिमीटरच्या बोल्टासाठी स्प्रिंग बसवायची तर भोक 8.3 मिलिमीटरला मोठं करून त्यात खास टॅपने आटे पाडतात. हे नवे आटे बाहेरच्या बाजूला 9.6 मिलिमीटरपर्यंत जातात. बोल्ट ओढला जातो तेव्हा ॲल्युमिनियम फाटायचं असेल तर आता 8 च्या ऐवजी 9.6 च्या घेरावर फाटावं लागेल. तेवढ्याच खोलीत धातूची पकड 20 टक्क्यांनी वाढली. शिवाय साध्या आट्यांत पहिल्या एक-दोन आट्यांवरच भाराचा मोठा वाटा येतो, बाकीचे बघत बसतात; स्प्रिंग किंचित लवते आणि भार खालच्या आट्यांवरही वाटून देते. मग अट काय? भोकाभोवती धातू पुरेसा उरला पाहिजे, कारण प्रत्येक बाजूने 0.8 मिलिमीटर खाल्लं जाणार आहे. स्प्रिंगची लांबी बोल्टाच्या व्यासाच्या निदान दीडपट हवी. आणि भोक हातातल्या ड्रिलने पाडायचं नाही. हातातलं ड्रिल दोन अंश कललं तरी बोल्टाचं डोकं एका कडेवरच टेकतं आणि सगळं गणित वाकडं होतं. बेंच ड्रिल किंवा मिलिंग मशीन, आणि भाग पक्का शिकंज्यात. एवढं पाळणारा माणूस असेल तर या भोकासाठी नवा फोर्क किंवा नवं कॅलिपर घेणं हा पैशांचा अपव्यय आहे, असं मी बेधडक म्हणेन. स्टेनलेसचे शोभिवंत बोल्ट मात्र इथे वापरू नयेत. स्टेनलेसच्या स्प्रिंगमध्ये स्टेनलेसचा बोल्ट कोरडा आवळला तर दोन्ही एकमेकांना धरून बसतात आणि उघडताना स्प्रिंगच बाहेर येते. जस्ताचा मुलामा असलेला मूळचा बोल्ट बरा.

दुसरं भोक पाइपच्या बोल्टाचं, आणि इथे एक नवी भानगड येते. या भोकात दाबाखालचं ऑइल आहे. पुष्कळांना वाटतं आटेच ऑइल अडवतात, म्हणून तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळायची बुद्धी होते. आटे काहीच अडवत नाहीत. ऑइल अडवतो तो तांब्याचा वॉशर, बोल्टाच्या डोक्याखालचा आणि पाइपच्या डोळ्याखालचा. 10 मिलिमीटरच्या बोल्टाला 14 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा वॉशर असेल तर भोकाभोवती 2 मिलिमीटर रुंदीची चकती कॅलिपरवर टेकते. तेवढ्या सपाट पट्टीवर ब्रेकची अब्रू अवलंबून आहे. आता स्प्रिंग बसवली. 1.25 पिचसाठी पाडलेले बाहेरचे आटे 11.6 मिलिमीटरपर्यंत जातात. स्प्रिंगची तार आणि ॲल्युमिनियम यांच्यामधून मळसूत्रासारखी एक बारीक वाट खालपासून वरपर्यंत जाते, आणि ऑइल त्या वाटेने चढून वॉशरच्या पोटाखाली येतं. वॉशरला टेकायला उरलेली पट्टी आता 2 ऐवजी 1.2 मिलिमीटर. टॅप मारण्याआधी तोंडाला जरा जास्त उतार दिला तर तीही उरत नाही. म्हणजे आटे पहिल्यापेक्षा भक्कम झाले आणि तरी ब्रेक गळू लागला, असं होऊ शकतं. दोष द्यायचा झाला तर स्प्रिंगला नाही, एक मिलिमीटरच्या हिशेबाला.

म्हणून या भोकाला अटी आहेत. स्प्रिंग पृष्ठभागाच्या अर्धा फेरा खाली बसली पाहिजे, तिचं टोक वर डोकावलं तर वॉशर त्यावर टेकून तिरका होतो. तोंडाचा उतार नावापुरता. जागा असेल तर जरा मोठ्या व्यासाचा वॉशर, आणि प्रत्येक वेळी नवा. जुनाच वापरायचा तर लालभडक तापवून मऊ केलेला. तारेच्या स्प्रिंगऐवजी भरीव, बाहेरून आटे असलेलं बुश मिळतं, त्याला वर कॉलर असते. अशा जागी ते जास्त शहाणपणाचं. ड्रिल करण्यापूर्वी कॅलिपर पूर्ण उघडून पिस्टन आणि रबरं काढलेली हवीत, नाहीतर ॲल्युमिनियमचा चुरा रबराच्या खाचेत जाऊन बसतो. नंतर धुवायचं ते पेट्रोलने नाही. ब्रेकची रबरं ईपीडीएम जातीची असतात, ती पेट्रोलियमने फुगतात. पेट्रोलचा हात लागलेलं रबर आज नाही तर महिन्याने पिस्टन पकडतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ताजं ब्रेक ऑइल, एवढंच. सगळं जोडल्यावर ब्रेकची दांडी पट्ट्याने खेचून रात्रभर बांधून ठेवायची आणि सकाळी बोल्टाभोवती टिश्यू पेपर फिरवायचा. कागद ओला झाला तर काम फसलं. कोरडा राहिला तर गाडी बाहेर काढावी. ही परीक्षा फुकट आहे, आणि ती घेण्याचा आळस हेच पुष्कळ गळक्या ब्रेकचं कारण असावं.

तिसरं भोक निपलचं. गोराईसारख्या ठिकाणी नेमके हेच आटे सगळ्यात आधी जातात, आणि हेच दुरुस्तीला सगळ्यात वाईट. निपलच्या टोकाला निमुळता शंकू असतो. तो भोकाच्या तळाशी कापलेल्या तशाच निमुळत्या बैठकीवर बसतो, आणि ऑइल अडतं ते तिथे. आट्यांचं काम शंकूला बैठकीवर दाबून धरायचं, बस. याचा अर्थ आटे आणि बैठक यांचा अक्ष एक असला पाहिजे, केसाइतकाही फरक चालत नाही. ड्रिल तळापर्यंत गेलं तर बैठक ओरबाडली जाते. टॅपचं टोक निमुळतं असेल तर पूर्ण आटे पडण्याआधीच ते बैठकीवर आदळतं. तळापर्यंत आटे पाडणारा सपाट टोकाचा टॅप लागतो. आणि सगळं जमलं तरी शेवटी एक गंमत उरते. हेलिकॉइल फिरवून आत घालायला तिच्या खालच्या टोकाला तारेचं एक आडवं शेपूट असतं. बसवून झाल्यावर ते ठोकून तोडायचं आणि चिमट्याने उचलायचं. आरपार भोकात ते खाली पडून जातं. निपलच्या भोकात ते पडतं थेट ऑइलच्या वाटेत. शेपटाशिवायच्या स्प्रिंगा मिळतात, पण त्या बसवायचं हत्यार वेगळं असतं. ते तुकडे, तो चुरा आत राहिला आणि पुढे पॅड बदलताना पिस्टन मागे दाबला, तर घाण ऑइलबरोबर वर सरकते. नव्या गाड्यांत वर एबीएसचं युनिट आहे, त्याच्या आतल्या झडपा फार बारीक.

हा एबीएसचा मुद्दा आता अपवादाचा राहिलेला नाही. 1999 च्या सीबीझेड आणि 2001 च्या पल्सरच्या काळात पुढची डिस्क ही मिरवायची गोष्ट होती. एप्रिल 2018 पासून नव्या मॉडेलांना आणि एप्रिल 2019 पासून सगळ्याच नव्या गाड्यांना नियम लागू झाला की 125 सीसीच्या वर एबीएस हवंच. म्हणजे आज खाडी ओलांडणाऱ्या कितीतरी गाड्यांत कॅलिपरपासून वर जाणाऱ्या वाटेवर ते महागडं यंत्र बसलेलं आहे. निपलच्या आट्यांवर पैसे वाचवताना त्या यंत्राचा जुगार खेळायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी खेळणार नाही. मग उपाय? पहिला, नवं कॅलिपर, किंवा खात्रीच्या ठिकाणचं वापरलेलं कॅलिपर नव्या रबरांसह. दुसरा, पाइपच्या जागी निपल असलेला बांजो बोल्ट बसवून जुनं भोक कायमचं बंद करायचं. पण हवा वर चढते, त्यामुळे पाइपचं भोक सगळ्यात उंचावर असेल तरच हे चालतं. तिसरा, पाइपसारखे निमुळते आटे पाडून त्यात स्वतःची बैठक असलेलं तयार बुश बसवायचं. निमुळते आटे स्वतःच ऑइल अडवतात, जुन्या बैठकीशी संबंधच उरत नाही. हा उपाय चांगला, मात्र भोकाच्या भिंती जाड हव्यात. लहान मोटरसायकलच्या कॅलिपरवर त्या क्वचितच पुरतात.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की गाडीच्या कंपन्या कुठल्याही भोकाला स्प्रिंग मारा असं सांगत नाहीत, सरळ भाग बदला म्हणतात. मग पहिल्या दोन भोकांना तरी परवानगी देणारे तुम्ही कोण? आक्षेपात दम आहे. पण कंपनी असं का म्हणते ते पाहावं. तिला स्प्रिंगवर अविश्वास नाही, विमानवाल्यांपासून सगळे ती वापरतात. ड्रिल कोणाच्या हातात आहे, हे तिला ठाऊक नाही. देशभरातल्या हजारो गॅरेजांना एकच सूचना द्यायची तर ती सगळ्यात कमी कौशल्याच्या हाताला धरूनच द्यावी लागते. तुमच्यासमोरचा हात कुठला आहे ते तुम्ही पाहू शकता. बेंच ड्रिल आहे का, योग्य टॅप आहे का, भोक मोजायला व्हर्निअर काढला का. या तीन गोष्टी नसतील तर कंपनीचं म्हणणं शब्दशः पाळा, तिन्ही भोकांसाठी.

दुसरा आक्षेप अगदी उलट बाजूने येतो. वर्षानुवर्षं लोक निपलला टेप गुंडाळतात, वरून एम-सील लावतात, मोठ्या आट्यांचं निपल ठोकून बसवतात, आणि काही होत नाही. काही होत नाही, याचा अर्थ अजून कचकन ब्रेक लावायची वेळ आली नाही. सिग्नलला थांबण्यासाठी लागणारा दाब आणि अचानक आडवं आलेलं पोर वाचवण्यासाठी लागणारा दाब यात कितीतरी पटींचा फरक असतो. एम-सीलचा गोळा पहिला दाब सोसतो. शिवाय ब्रेक ऑइल रंग खातं, बऱ्याच लांब्या आणि गोंद मऊ करतं, आणि टेपचे तंतू सुटून ऑइलमध्ये फिरतात. या उपायांना मी दुरुस्ती म्हणत नाही.

तिसरा आक्षेप मला खरा अभ्यासू वाटतो. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम आणि पोलादाची बॅटरी होते असं आधी सांगितलं, मग त्याच भोकात स्टेनलेसची तार घालणं म्हणजे बॅटरी आणखी जोरदार करणं नाही का? अंशतः हो. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम यांच्यातला फरक मोठा आहे. पण या प्रकारच्या गंजाचा वेग क्षेत्रफळांच्या प्रमाणावरही ठरतो. स्टेनलेसचं क्षेत्र मोठं आणि ॲल्युमिनियमचं लहान असेल तर ॲल्युमिनियमची दैना होते. इथे तार चिमूटभर आणि कॅलिपर मूठभर, म्हणजे प्रमाण आपल्या बाजूने आहे. शिवाय विमानाच्या कामात अशा स्प्रिंगांना बसवताना गंजरोधक प्रायमर लावतात, तसा जखडण्याच्या भोकात लावायला हरकत नाही, तिथे ऑइल नाही. आणि मूळ अवस्थेत तरी काय होतं? पोलादी बोल्ट थेट ॲल्युमिनियमच्या आट्यात, प्रत्येक उघडझाकीला आटे खरवडत. स्प्रिंग बसल्यावर उघडझाक स्टीलवर होते, ॲल्युमिनियमला कोणी हात लावत नाही. किनाऱ्यावरच्या गाडीला हा फायदा लहान नाही.

पैशांचं म्हणाल तर गोराईत हिशेब जरा वेगळा लागतो. पुढचा ब्रेक गेलेली गाडी उत्तन-भाईंदरच्या वळशाने चालवत नेणं हा वेडेपणा. पण कॅलिपर दोन-तीन बोल्ट काढले की सुटतं आणि पिशवीत घालून बोटीने अलीकडे आणता येतं. बोरिवली-दहिसरच्या औद्योगिक गाळ्यांत मशीनवाले आहेत. ऑइल गाडीच्या रंगावर सांडू नये म्हणून पाइपचं तोंड बांधून टाकावं. मशीनवाल्याला नुसतं ‘आटे पाडून द्या’ म्हणू नका. कुठलं भोक, पिच किती, भिंत किती जाड, वॉशरला टेकायला किती जागा उरेल, हे विचारा. त्याने उत्तर देण्याआधी व्हर्निअर हातात घेतला तर काम द्या. निपलचं भोक असेल आणि तो ‘पाच मिनिटांत स्प्रिंग मारून देतो’ म्हणाला तर कॅलिपर परत पिशवीत घाला.

आणि ज्यांचे आटे अजून शाबूत आहेत त्यांनी पाऊस संपल्यावर एकदा खाली वाकून निपलच्या तोंडावर ती काळी रबराची टोपी आहे का ते पाहावं. नसेल तर आजच बसवून घ्या.